हातांवर बसायचा नियम

३ फेब्रुवारी

प्राचार्यांनी आज बोलावून घेतलं आणि एक नवीन काम माझ्या गळ्यात घातलं. कॉलेजातली काही मुलं निवडायची, त्यांना तयार करायचं, मग त्यांनी बाकीच्या मुलांना लिहायला मदत करायची. निबंध, प्रकल्प, अर्ज, जे असेल ते. शिक्षकांकडे जायला मुलं बिचकतात, आपल्यातल्याच कुणाकडे सहज जातील, असं त्यांचं म्हणणं. नावसुद्धा ठरवून ठेवलंय, लेखनमित्र. मी म्हटलं, "एकतीस वर्षं वह्या तपासतेय, मला कुणी मित्र म्हटलं नाही." ते हसले. मी विनोद केला नव्हता.

खोली मात्र छान मिळाली. पोहण्याच्या तलावाच्या बरोबर वर, पूर्वी तिथं शिट्ट्या आणि फुटके तराफे ठेवायचे. दुपारी पाण्यावरचा उजेड खिडकीतून छतावर येतो आणि तिथं हलत राहतो. मी वर बघत किती वेळ उभी होते कोण जाणे. शिपाई दोनदा म्हणाला, "मॅडम, पंखा चालतो."

घरी आले तर धाकटीच्या नवऱ्याचा फोन. त्याची नोकरी पक्की झाली, एप्रिल संपता संपता दोघं देश सोडून जाणार, बहुतेक कायमचेच. धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आईबाबा गेल्यावर माझं सगळं माहेर ती एकटीच. मी म्हटलं, जायच्या आधी आठ दिवस तिला माझ्याकडे पाठवा. म्हणाला, तिलाच विचारा. विचारलं. "बघू," म्हणाली.

बारा वर्षं ती "बघू"च म्हणतेय. लहानपणापासून रुसकीच आहे. पण या वेळी आली नाही, तर पुन्हा कधी, हा विचार डोक्यातून जात नाही.

६ फेब्रुवारी

चार जण निवडले. एकीला मी मनातल्या मनात हळूबाई म्हणते. प्रश्न विचारला की ती उत्तर द्यायला इतका वेळ घेते की आपण प्रश्न विसरतो. दुसरा वकील, प्रत्येक गोष्टीवर त्याची हरकत असते. तिसरी पोहणारी. खालच्या तलावातून थेट वर येते, ओल्या केसांनी, आणि बसेल तिथं थेंब पडतात. चौथ्याचं नाव टिपण. मी शिंकले तरी तो लिहून घेतो.

पहिलाच सराव फसला. एकानं आपला निबंध आणायचा आणि दुसऱ्यानं मदत करायची, एवढंच सांगितलं होतं. वकिलानं पोहणारीचा कागद ओढला, तिच्याच हातातलं पेन घेतलं आणि दोन मिनिटांत तीन वाक्यं बदलून टाकली. वाक्यं सुधारली होती. ती मात्र खिडकीतून खाली पाण्याकडे बघत बसली.

मी वकिलावर ओरडले. मग त्याला चूक दाखवून देण्यासाठी तोच कागद मी घेतला आणि चौथं वाक्य बदललं. हळूबाई बऱ्याच वेळानं म्हणाली, "मॅडम, आता पेन तुमच्याकडे आहे."

१० फेब्रुवारी

हळूबाई बसताना तळहात मांड्यांखाली घेते. बाक गार असतो म्हणे. त्यावरून मला युक्ती सुचली. आजपासून नियम असा: मदत करणाऱ्यानं पहिली पंधरा मिनिटं हातांवर बसायचं. पेन ज्याचं लेखन त्याच्याच हातात. लिहिणाऱ्यानं आपला कागद मोठ्यानं वाचायचा. मदतनिसानं एकच शब्द बोलायचा, "मग?"

वकिलानं हरकत घेतली. "मॅडम, चूक समोर दिसत असताना गप्प बसायचं?"

"मूग गिळून बसायचं."

"हात शिवशिवतात हो."

"म्हणून तर त्यांच्यावर बसायचं."

आणि खरंच चाललं. टिपण आपल्या गावच्या नदीवर काहीतरी कोरडं वाचत होता. पोहणारी हातांवर बसून "मग?" "मग?" म्हणत राहिली, आणि तिसऱ्या वेळी तो कागदावरून नजर काढून एकदम म्हणाला, "मग एकदा माझी चप्पल वाहून गेली आणि मी ती अजून शोधतोय." सगळे हसले, तो नाही हसला. त्यानं ते खाली लिहिलं. छतावर उजेड हलत होता आणि मला वाटलं, आपण सगळे तलावाच्या तळाशी बसलोय आणि वरून कुणीतरी पोहत चाललंय.

मला फार बरं वाटलं. काम जमतंय.

११ फेब्रुवारी

धाकटीला फोन. तब्येत बरी. ऊन वाढलंय. सामान बांधायला घेतलंय. येशील का? बघू.

फोनवर आम्ही दोघी कधीच बोललो नाही. आमचं बोलणं पत्रांतून. मी शिकायला बाहेर पडले तेव्हा ती नऊ वर्षांची होती, तेव्हापासून लिहायची. मी तिची पत्रं तपासून परत पाठवायचे. तिला ते आवडायचं, लाल शाई शोधायची म्हणे आधी. तिची भाषा माझ्यामुळे सुधारली. बारा वर्षांपूर्वी तिनं लिहिणं सोडलं. मोबाइल आले, कोण लिहितंय आता.

१८ फेब्रुवारी

मुलं आता हातांवर बसायला इतकी शिकलीत की चूक दाखवायचीच नाही असं त्यांना वाटू लागलंय. वकीलसुद्धा ढिला पडला. तेव्हा पुढचा धडा द्यायला हवा: खुणा करायच्या झाल्या तर त्या कशा, किती, आणि समासात काय लिहायचं. नमुना म्हणून काही हवं होतं. कपाट उघडलं आणि धाकटीचं शेवटचं पत्र सापडलं. त्यावर माझ्या खुणा आहेत. तिनं मला ते एक शब्दही न लिहिता परत पाठवलं होतं, जपून ठेव म्हणून असेल. माझ्या सगळ्या तपासणीत हे सगळ्यात नेटकं. तेवीस खुणा, एकही गिचमिड नाही. खाली शेरा: "कल्पना छान, पण विषय भरकटतो. नेमकं काय सांगायचं आहे ते आधी ठरव."

उद्या हेच घेते. नाव झाकायला चिठ्ठी चिकटवली. हे म्हणाले, "घरातलं पत्र कशाला वर्गात नेतेस?" मी म्हटलं, स्वप्नाबद्दल आहे, खासगी काही नाही त्यात.

१९ फेब्रुवारी

नियमाप्रमाणे आधी मोठ्यानं वाचायचं. पोहणारीनं वाचलं. केसांचं पाणी कागदावर पडू नये म्हणून ती पत्र लांब धरून वाचत होती. इथं उतरवून ठेवते.

"ताई, परवा दुपारी डोळा लागला आणि पुन्हा तेच स्वप्न पडलं. आपलं जुनं घर आहे, पण त्याला खोल्या कितीतरी जास्त. मी कोमट पाण्याचं पातेलं घेऊन चाललेय, सांडू नये म्हणून हळू. एक खोली संपली की दुसरी. कुणीच नाही. पाणी निवत चाललंय म्हणून मला घाई आहे, पण घाई केली तर सांडेल. शेवटच्या खोलीत कुणीतरी पाठमोरं बसलंय. ओले केस, अगदी थोडे. मला हाक मारायची आहे, पण काय म्हणून मारू? आम्ही ठरवलंच नव्हतं अजून. मग जाग येते. हात तसेच धरलेले असतात. इकडे ऊन फार आहे. आई परत गेल्यापासून घर मोठं वाटतं. तू एकदा येशील का?"

वाचून झालं. खाली कुणीतरी पाण्यात उडी मारली, त्याचा आवाज आला. मी म्हटलं, "आता खुणा बघा. 'आम्ही ठरवलंच नव्हतं' याच्या खाली रेघ आहे आणि समासात लिहिलंय, 'काय? स्पष्ट कर.' वाचणाऱ्याला काय कळत नाही ते नेमकं दाखवलंय. आणि शेवटच्या वाक्यापुढे काय आहे?"

टिपणनं वाचलं. "आधीच्या मजकुराशी संबंध नाही."

पेन त्याच्या हातात होतं, पण तो लिहून घेत नव्हता.

वकिलाला काहीच हरकत नव्हती. असं पहिल्यांदाच झालं. शेवटी पोहणारीनं विचारलं, "मॅडम, या बाईंचं बाळ गेलं होतं का?"

"कुठं लिहिलंय तसं? अख्ख्या पत्रात बाळ हा शब्दच नाही."

हळूबाईनं नेहमीसारखा वेळ घेतला. मग म्हणाली, "म्हणूनच."

मी त्यांना सांगितलं की मजकुरात नसलेलं वाचणं हा मदतनिसाचा सगळ्यात मोठा दोष. तास लवकर संपवला. पत्र खोलीतल्या खणात टाकलं. या वयात मुलं जरा हळवी असतात, त्यांना जिथंतिथं कथा दिसतात.

२० फेब्रुवारी

डोकं दुखतंय. गेले नाही.

२३ फेब्रुवारी

दुपारी आडवी झाले आणि मलाच ते घर दिसलं. खोल्यांमागून खोल्या. पुढं धाकटी चाललीय, हातात पातेलं, आणि मी मागून प्रत्येक दारावर लाल खूण करत चाललेय. हे दार नको, हेही नको. ती मागं वळून बघत नव्हती. पाणी सांडेल म्हणून वळत नव्हती, की तिला मला बघायचं नव्हतं, ते कळलं नाही.

उठले ती तारखा आठवत. त्या वर्षी मार्चमध्ये आई महिनाभर धाकटीकडे राहिली होती. पोटाचं काहीतरी दुखणं आहे तिचं, म्हणाली. माझे परीक्षेचे पेपर चालू होते. मी बिस्किटांचा डबा पाठवला होता. पत्र एप्रिलचं.

आईनं नीट सांगायला नको का? कुणीतरी सांगायला नको का?

२४ फेब्रुवारी

धाकटीच्या नवऱ्याला फोन केला, ती बाहेर असताना. सरळ विचारलं.

"पाचवा महिना नुकताच लागला होता," तो म्हणाला. "कुणाला सांगितलंच नव्हतं. आईंना तिनं बजावलं, ताईला तुम्ही नका सांगू, मीच लिहीन. आणि लिहिलं की तिनं तुम्हाला. तुम्हाला माहीत नव्हतं?"

त्यानं नंतर सांगितलं की माझं पाकीट आलं तेव्हा ती अंगणात होती, आणि लाल शाई बघून तिथंच खाली बसली. आधी हसली म्हणे. "ताईनं तपासलंय बघ," म्हणाली. मग आत जाऊन दार लावून घेतलं.

तिनं मला लिहिलं होतं. आईला नाही सांगू दिलं, मला सांगायचं होतं म्हणून. आणि मी तेवीस खुणा केल्या. मला माझीच लाज वाटते. इथं लिहितानासुद्धा वाटते.

२ मार्च

नऊ वेळा लिहायला बसले. नऊही कागद फाडले. "झाल्या प्रकाराबद्दल मला अत्यंत खेद होत आहे." रजेचा अर्ज लिहिते आहे की काय मी? एकतीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं सरळ केली, आणि सख्ख्या बहिणीसाठी एक सरळ वाक्य जमत नाही. लिहिता लिहिता हात आपोआप मागं जातो आणि खोडतो.

हे म्हणाले, "तुझ्या त्या लेखनमित्रांकडे जा की." चेष्टेत म्हणाले.

६ मार्च

गेले.

बाकीचे खाली पोहायला गेले होते. हळूबाई एकटीच होती. मी दुसऱ्या खुर्चीत बसले, मदत मागणाऱ्याच्या. गेला महिनाभर मी तिच्यात कधी बसले नव्हते. तिथून छतावरचा उजेड सबंध दिसतो. म्हटलं, "मला एक पत्र लिहायचंय. जमत नाही."

तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. तिनं कोरा कागद माझ्यापुढं सरकवला, पेन माझ्या बाजूला ठेवलं आणि हात मांड्यांखाली घेतले.

मी दहावा मसुदा वाचून दाखवला. तोही अर्जच होता. तिनं विचारलं, "मग?"

"मग काय. तिनं मला पत्र पाठवलं होतं."

"मग?"

"मी ते तपासलं."

ती थांबली. इतका वेळ की खालच्या शिट्ट्या मी मोजल्या. "मग?"

"मी ते वाचलंच नाही गं," मी म्हटलं. "नुसतं तपासलं. तिनं मला ये म्हटलं होतं."

हळूबाईचे खांदे हलले. तिला माझा हात धरायचा होता, ते मला दिसलं. पण पंधरा मिनिटं झाली नव्हती. पोरीनं नियम मोडला नाही. तिनं फक्त मान कागदाकडे केली.

मी लिहिलं. जसं बोलले तसं. डोळे पुसत लिहिलं, म्हणून शाई दोन ठिकाणी पसरली. वाचून दाखवलं तेव्हा ती इतकंच म्हणाली, "मॅडम, पुन्हा नीट लिहून काढू नका."

७ मार्च

टाकलं. खाडाखोडीसकट. पेटीत पडल्याचा आवाज झाल्यावर मी हात आत घालून बघितला, निघतंय का. नाही निघत.

२१ मार्च

उत्तर नाही. फोनवर तब्येत, ऊन, खोकी.

लेखनमित्रांची खोली मात्र आता उघडी झालीय आणि बाहेर पोरांची रांग असते. वकिलानं एक नोंदवही केलीय: नाव, वेळ, कशासाठी आलात. त्याशिवाय आत सोडत नाही. परवा प्राचार्य भाषणाचा कागद घेऊन आले, त्यांनाही सही करायला लावली. नंतर ते पंधरा मिनिटं पोहणारीसमोर बसून वाचत होते. बाहेर आले तेव्हा भाषण अर्धं झालं होतं आणि चेहरा सैल. मला म्हणाले, "ती मुलगी काहीच बोलली नाही हो." मी म्हटलं, तेच शिकवलंय.

४ एप्रिल

उत्तर नाही. सव्वीस तारखेचं विमान आहे. मी आता विचारत नाही. तिनं बारा वर्षं विचारलं नाही, मी चार आठवड्यांत का खचावं.

पण खचलेय.

१७ एप्रिल

हे सगळं आजच लिहायला हवं.

साडेतीनला तास संपवून खोलीकडे गेले. दारातच वकील. "मॅडम, एक बाई आल्यात. कॉलेजच्या नाहीत. मी म्हटलं, तरी नोंद करावी लागेल." नोंदवही पुढं केली. नावाच्या रकान्यात तिनं नुसतं "धाकटी" लिहिलं होतं. कशासाठी आलात, त्यापुढं: "एक जुनं पत्र पुरं करायचं आहे."

आत ती मदत मागणाऱ्याच्या खुर्चीत बसली होती, पायाशी एक पिशवी, मान वर. छताकडे बघत होती. केस पांढरे झालेत तिचे. फोनवर ते कळत नाही.

"घरी कुलूप होतं," ती म्हणाली, वर बघतच. "ताई, हे रोज असंच हलतं?"

"दुपारी."

"तुझं पत्र किती घाण लिहिलंयस. दोन शब्द लागलेच नाहीत मला." मग माझ्याकडे बघून हसली. बारा वर्षांत बघितलं नव्हतं ते हसू. "ते माझं आहे का गं तुझ्याकडे?"

खण उघडला. पत्र काढलं, वरची चिठ्ठी सोलायला गेले. नावावर चिकटवलेला कागद थोडा फाटून तसाच राहिला. मुलं आपणहून बाहेर गेली, टिपणसुद्धा, वही बाकावरच ठेवून. वकिलानं दार ओढून घेतलं.

ती वाचायला लागली. मोठ्यानं. तिला कुणी नियम सांगितला नव्हता, पण आम्ही दोघी लहानपणी अशाच वाचायचो. मी समोरच्या खुर्चीत बसले आणि हात मांड्यांखाली घेतले. खोली, पातेलं, दुसरी खोली. तिला लाल खुणा मध्ये येत नव्हत्या, ती त्यांच्यावरून चालत गेली. "आम्ही ठरवलंच नव्हतं अजून," इथं आली आणि थांबली. समासावर बोट ठेवलं.

"तू विचारलं होतंस ना इथं. काय, स्पष्ट कर."

मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. तो कागद हिसकून फाडावासा वाटला. मी हातांवर जोर देऊन बसले.

"मग?" मी म्हटलं.

ती सांगू लागली. त्या दिवशी सकाळी काय झालं ते. दवाखान्याच्या खिडकीचा रंग कसला होता ते. मुलगी होती ते. घरी कोणी कोणी काय म्हटलं, आणि आई तिच्या केसांना तेल लावत नुसती बसून राहायची ते. मग स्वप्नाचं. ते अजून पडतं. आता शेवटच्या खोलीतली मोठी झालीय, केस पाठीवर येतात. पाणी आता निवत नाही.

उजेड छतावरून भिंतीवर उतरला. मी तिला एकदाही मधे तोडलं नाही.

"मग?"

"मग मी हाक मारते," धाकटी म्हणाली. "नाव सापडलं मला. फार वर्षं झाली. तुलाच पहिल्यांदा सांगायचं म्हणून ठेवलं होतं."

आणि तिनं सांगितलं. ते नाव मी इथं लिहीत नाही. लिहायचं की नाही हे तिनं ठरवायचं, पेन तिच्याकडे आहे.

पंधरा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. माझे दोन्ही हात बधिर झाले होते, ते तिनं ओढून बाहेर काढले.